ग्रॅनाइटखालची पायरी

मास्तर गेले हे मला फ्लेक्सनं सांगितलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी लेकीकडे संभाजीनगरला राहिले होते. डोळ्यावर पट्टी, फोन बघायला मनाई, आणि घरच्यांनी आपापसात ठरवलेलं की आत्ता सांगायचं नाही, ही रडली तर डोळा बिघडेल. पट्टी निघाली, गावी परतले, फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर घराएवढा फ्लेक्स. वरच्या अर्ध्या भागात आमच्या देवस्थानचे अध्यक्ष आणि सगळे विश्वस्त हात जोडून उभे, आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोपेक्षा थोडेसेच मोठे, मास्तर. 'देवस्थानचे ज्येष्ठ मार्गदर्शक कै. उत्तमराव ओव्हाळ यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' नव्या डोळ्यानं मी गावात वाचलेली पहिली गोष्ट ही. पिशवी तिथंच धुळीत ठेवली आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिले... आणि मग दिसलं. मास्तरांच्या कपाळावर गंध होतं. आडवं, ठसठशीत, पांढरं शुभ्र. ज्या माणसानं जन्मात कपाळाला बोट लावून घेतलं नाही, त्याला मेल्यावर कॉम्प्युटरवर गंध लावून टाकलं होतं.

दुःख नंतर आलं. आधी आला तो राग, आणि त्याला आता बरेच आठवडे झाले तरी तो गेलेला नाही. अशा लेखात मऊमऊ आठवणी वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी खुशाल पान उलटावं. ते 'कै.' सुद्धा मला डाचतंय. मास्तर बौद्ध. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाला 'कालकथित' म्हणतात, कैलासवासी नव्हे. कैलासाच्या मालकाशी त्यांचं काही भांडण नव्हतं, पण कायमचं राहायला जावं एवढी ओळखही नव्हती. आणि 'देवस्थानचे ज्येष्ठ मार्गदर्शक'! ज्यांनी या माणसाला देवळाच्या आवारात तोंड उघडायची बंदी केली, त्यांनीच हे छापलं. लाज नावाची गोष्ट बाजारात विकत मिळत असती तर मी चार किलो आणून देवस्थानच्या कार्यालयात टाकली असती.

आमचं देवस्थान महादेवाचं, बालाघाटच्या डोंगरातलं, काळ्या दगडाचं. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखायचं ते ओळखतील. अध्यक्षांना आपलं नाव पेपरात आलेलं फार आवडतं, म्हणून तेही लिहीत नाही. श्रावणात आणि शिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते, लातूर, सोलापूर, पार बिदरपासून गाड्या येतात. मी इथल्या गुरवाची लेक. पूजेची पाळी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आता माझा धाकटा भाऊ सुधाकर ती सांभाळतो. मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाले आणि नेकनूरच्या पलीकडच्या एका गावात नोकरीला लागले. रोजचं अप-डाउन. सकाळच्या ज्या गाडीनं मी जायची तिचे कंडक्टर उत्तम ओव्हाळ. आमच्याकडे जुनी माणसं कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेव्हा ते मास्तर आणि मी बाई, आणि ही हाक शेवटपर्यंत बदलली नाही.

गरीब गाय म्हणावा असा हा माणूस मुळीच नव्हता. आवाज असा की फाट्यावर ओरडले तर मारुतीच्या पारावरची माणसं वळून बघायची. "पुढं सरका बे, मागं काय म्हशी बांधल्यात का?" हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. मिशा काळ्या करायचे, खाकी गणवेश इस्त्रीचा लागायचा, आणि छातीवरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासून असा चमकवायचे की ऊन पडलं की समोरच्याचे डोळे दिपावेत. कुणी उलटं बोललं की त्याला भर गर्दीत असा काही टोला द्यायचे की पुढचे दोन थांबे गाडीत हसू चालायचं. पण मला उशीर झाला तर गाडी थांबवून ठेवायचे. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणायचे, "बाईची शाळा बुडली तर पोरं काय तुज्या बापाकडं शिकत्याल का?" एका हातात कायम तो चिमटा, तिकिटाला भोक पाडायचा. पंच म्हणायचे त्याला. खांबावर तो टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचे. पुढं तिकिटाची यंत्रं आली, पंचाचं काम संपलं, पण मास्तरांच्या हातातून तो सुटला नाही. दोरीची घंटी मोडकी असायची तेव्हा ते पंच गजावर हाणायचे. एकदा वाजला की थांबा, दोनदा वाजला की चला. ड्रायव्हर त्या आवाजावर गाडी चालवायचा.

एकदा परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. मास्तर माझ्या सीटशेजारी खांबाला टेकून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "बाई, तुमच्या आज्ज्याची आन माज्या आज्ज्याची लई जुनी गिऱ्हाइकी." मी म्हटलं, म्हणजे? मग त्यांनी सांगितलं. देवळाच्या पूर्वेच्या दाराला ज्या पायऱ्या आहेत त्यातली खालून चौथी. त्यांच्या लोकांना तिच्यापुढं जाता येत नसे. जत्रेला आले की नारळ तिथंच, त्याच दगडावर फोडायचा, अर्धं भकल वर ठेवायचं आणि मागं सरायचं. मग वरून गुरव प्रसाद टाकायचा, आणि यांनी तो धोतराच्या ओच्यात झेलायचा. वरून टाकणारा तो हात आमच्या घरातला होता. मास्तरांनीच माझी सुटका केली. "आता बघा की, तुमी सीटवर बसलाव आन मी हुबाच हाय. फरक काय पडला सांगा!" आणि स्वतःच्याच विनोदावर असे हसले की पुढच्या सीटवरचं झोपलेलं म्हातारं जागं झालं. त्यानंतर आमची मैत्री झाली असं म्हणायला हरकत नाही. त्या आधी ओळख होती.

त्या दिवशी उतरल्यावर मी घरी न जाता थेट देवळात गेले आणि ती पायरी पाहिली. लहानपणापासून रोज चढले होते मी ती. मधोमध एक खळगी आहे, ओंजळभर पाणी मावेल एवढी, गुळगुळीत. आम्ही पोरी तिला महादेवाची वाटी म्हणायचो आणि तिच्यात फुलं ठेवायचो. ती खळगी नारळांनी पाडलेली होती. किती पिढ्यांनी किती नारळ आपटले असतील म्हणजे बालाघाटचा काळा दगड असा झिजतो, याचा विचार करत मी बराच वेळ तिथं उभी राहिले.

मास्तर निवृत्त झाले आणि घरात बसणं त्यांना जमेना. कमलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागून म्हणायच्या, "सकाळपून घरातल्या भांड्यायला पुढं सरका म्हणतेत!" मग ते फाट्यावर जाऊन बसायला लागले. गाड्या यायच्या, परगावची माणसं उतरून देऊळ कुठं म्हणून विचारायची, मास्तर त्यांना वर घेऊन जायचे. त्यातून ते कधी गाइड झाले ते त्यांनाही कळलं नाही. कुणी खुशीनं काही दिलं तर घ्यायचे, नाही दिलं तर चहा तरी पाजायला लावायचे. गाइड म्हणून तसे आदर्श नव्हते ते. कुणी मध्येच प्रश्न विचारला की खवळायचे, "आदी आयकून घ्या, मंग इचारा." मूर्ती कोणत्या राजाच्या काळातली असं कुणी विचारलं की दर खेपेला वेगळा राजा सांगायचे. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "बाई, राजा कुणी बी असू द्या, दगड काय त्यानं फोडला न्हाई." माणसांना मात्र ते आवडायचे. त्यांच्याबरोबर आलेली मंडळी पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन यायची आणि फाट्यावर उतरून 'ते कंडक्टर गाइड कुठंयत' म्हणून विचारायची.

आणि त्यांची सुरुवात ठरलेली. पायऱ्या चढताना पुढं व्हायचे, चौथ्या पायरीवर पोचले की कडेच्या लोखंडी नळीवर पंच एकदा हाणायचे. ठण्ण. चाळीस वर्षं एसटीनं फिरलेल्या आपल्या लोकांचे पाय तो आवाज ऐकून आपोआप थांबतात. मग मास्तर खळगीकडे बोट दाखवायचे. "हा पहिला थांबा. माज्या आज्ज्याचं तिकीट इथवरच होतं. देव तोच, नारळ तोच, पण तिकीट इथं संपायचं. ही वाटी त्यायनी पाडली. बघा हात लावून." लोक वाकायचे, हात लावायचे. काहींच्या चेहऱ्यावर आठ्या पडायच्या. काही पुढं सटकायला बघायचे, त्यांना मास्तर म्हणायचे, "घंटी न्हाई झाली अजून." औशाच्या एका म्हाताऱ्या पाटलानं एकदा डोक्याची टोपी काढली आणि नुसता उभा राहिला. बास, एवढंच. नंतर दोनदा पंच, ठण्ण-ठण्ण, चला. मग वरचं सगळं दाखवायचे, खांब, नक्षी, नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ, आणि गाभाऱ्यापाशी बाजूला होऊन म्हणायचे, "तुमी दर्शन घिऊन या, मी इथं हाय." कुणीतरी हमखास विचारायचं, तुम्ही नाही येत? "आमी बाबासाहेबाच्या वाटंनं गेलेली माणसं. देव तुमचा. तिथला दगड तेवढा आमचा."

हे वर्षानुवर्षं चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते विकास आला तेव्हा. पार्किंग झालं, फरशा झाल्या, दर्शनाची वेगळी रांग झाली, आणि मग 'अधिकृत मार्गदर्शित दर्शन' सुरू झालं. खिडकीवर तिकीट, कानात घालायचं यंत्र, मरून जाकिटातले गाइड आणि त्यांच्या हातात देवस्थाननं मंजूर केलेला मजकूर. त्याला माझा विरोध नव्हता, आजही नाही. परगावच्या माणसाला कुणी लुबाडू नये, बायकामुलींना नीट सोबत मिळावी, कानडी माणसाला कानडीत ऐकायला मिळावं, यात वाईट काय आहे? पण मजकूर मी वाचला. शंकराच्या लग्नापासून परवा बसवलेल्या सौरदिव्यांपर्यंत सगळं होतं त्यात, देणगीदारांची नावंसुद्धा होती. पायरीवर एक शब्द नव्हता. आणि देवळाबाहेर पाटी लागली. 'खिसेकापू व अनधिकृत मार्गदर्शक यांपासून सावध राहावे.' एका वाक्यात! मास्तरांना मध्ये एक 'व' टाकून खिसेकापूंच्या शेजारी नेऊन बसवलं. मी त्याच दिवशी कार्यालयात जाऊन भांडले. सुधाकर रात्री जेवताना म्हणाला, "ताई, गप बस, आपली पाळी काढून घेतील." मी म्हटलं, घेऊ देत, तुला तरी घंटा बडवण्यातून सवड मिळेल.

अध्यक्ष हुशार माणूस. भांडण वाढतंय म्हटल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपलेच आहात. तुमच्यासारखा आवाज कुणाचा आहे? अधिकृत व्हा. जाकीट घ्या, बिल्ला घ्या. फक्त ती पायरी तेवढी सोडा. भाविक देवाला येतात, त्यांचं मन कशाला खट्टू करायचं?" मास्तर जाकीट घेऊन घरी आले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आता काही जण त्यांचा पुतळा करायला निघालेत आणि पुतळ्याला मोह होत नसतो. मास्तरांना मोह झाला. खाकी उतरल्यापासून त्यांना छातीवर काहीतरी हवं होतं. कमलवहिनींनी मला नंतर सांगितलं, आरशापुढं उभं राहून त्यांनी जाकीट घातलं, बिल्ला लावला, काढला, चिंचेनं घासला, पुन्हा लावला. बिल्ला प्लॅस्टिकचा होता, चिंचेनं त्याला काय होणार! वहिनी म्हणाल्या, "शोभतंय की." त्यावर म्हणाले, "शोभतंय गं. पर गळ्याला आवळतंय जरा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तुकडीत नेमके अध्यक्षांचे पुण्याचे व्याही. मी त्या वेळी दाराशी बेलाची पानं निवडत बसले होते, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मरून जाकिटात मास्तर पुढं, मागं कानात यंत्रं घातलेली ती मंडळी. पहिली पायरी झाली, दुसरी, तिसरी. मास्तर पाठ केलेलं बोलत होते, कधी न ऐकलेल्या पुस्तकी भाषेत, 'सदर मंदिर हे' वगैरे. चौथ्या पायरीवर पाय पडला आणि ते बोलायचे थांबले. वाकून खळगीकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते की जाऊ द्या मास्तर, आज जा पुढं, उद्या बघू... आणि त्यांचा हात जाकिटाच्या खिशात गेला. ठण्ण. तिकडं वर अध्यक्ष स्वागताला हार घेऊन उभे होते, त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मास्तरांनी सगळं सांगितलं, आज्जा, तिकीट, नारळ, नेहमीच्या आपल्या भाषेत. व्याह्यांनी वाकून खळगीला हात लावला, हेही सांगायला हवं. मग मास्तरांनी डबल घंटी दिली, सगळ्यांना वर पोचवलं, आणि अध्यक्षांच्या समोर जाकिटाची बटणं काढायला लागले. कुणी काही म्हणायच्या आधीच. संध्याकाळी जाकीट धुऊन, इस्त्री करून परत गेलं.

त्यानंतर गेटवरच्या रखवालदाराला सांगण्यात आलं की या माणसानं आत बोलायचं नाही. दर्शनाला यायला मोकळीक आहे म्हणे! ज्याला दर्शन नको त्याला दर्शनाची मोकळीक, आणि बोलायचं ते बंद. आणि पुढच्या शिवरात्रीच्या आधी 'पायऱ्यांचे सुशोभीकरण' झालं. जुन्या दगडावर चकचकीत ग्रॅनाइट बसवलं. चौथीवर सुद्धा. कारण काय, तर भाविक घसरतात. कुणी घसरत नव्हतं त्या खडबडीत दगडावरून, नऊवारीतल्या म्हाताऱ्या अनवाणी चढायच्या. घसरायला लागले ते ग्रॅनाइट आल्यावर, म्हणून मग त्यावर रबरी पट्ट्या चिकटवल्या. मी अर्ज दिले, सभेत उभी राहून बोलले, 'बाई फार तापट आहेत' एवढंच ऐकून घेतलं. आहे मी तापट. दगडावर दगड रचून माणसांना पुरता येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यापुढं थंड राहणं मला जमत नाही, आणि जमवून घ्यायचीही इच्छा नाही. मास्तर पायऱ्यांखाली उभे राहून ते काम बघत होते. मला म्हणाले, "बाई, जिवंत दगडाला कफन घातलं यायनी." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला.

पण गप्प बसतील ते मास्तर कसले. देवळात बंदी, फाट्यावर थोडीच होती! ते पुन्हा चहाच्या टपरीवर बसायला लागले. मी डोळ्यासाठी निघाले त्या दिवशी गाडीची वाट बघत त्यांच्याशेजारीच बसले होते. एक नवराबायको बॅगा घेऊन उतरले आणि मास्तरांनाच विचारलं, काका, इथं सरकारी गाइड घ्यावा का खासगी, कुठला चांगला? मला वाटलं आता भडकतील. मास्तर शांतपणे म्हणाले, "सरकारी कुणीच न्हाई. देवस्थानचे हायेत, त्यायचीच टूर घ्या. त्या तिथं खिडकी हाय. लेकरं चांगली सांगत्यात, कानात मशीन बी देत्यात. फकस्त चढताना चौथ्या पायरीवर जरा थांबा." त्यातल्या बायकोनं विचारलं, "कावून?" बोलण्यावरून पाटोद्याकडची असावी. "थांबलं का आपसुक कळंल." ती दोघं गेली. मी चिडून म्हटलं, तुम्ही त्यांची गिऱ्हाइकं वाढवताय होय? तर म्हणाले, "बाई, टूर कुणाची का आसंना. पाय तर लोकायचेच हायेत न्हवं?" माझी गाडी आली. त्यांनी पिशवी वर चढवून दिली, खिडकीशी येऊन म्हणाले, "डोळा नीट करून या. आल्यावर तुमाला लई बघायचं हाय." आणि गाडीच्या पत्र्यावर पंच दोनदा वाजवला. ड्रायव्हर नवा होता, तरी त्यानं गिअर टाकला.

तर फाट्यावरून मी घरी गेलेच नाही, पिशवी उचलली आणि तशीच ओव्हाळांकडे गेले. कमलवहिनी ओसरीवर बसल्या होत्या. भर दुपारी जेवून उठले, बाजेवर बसले, छातीला हात लावला आणि संपलं, एवढंच सांगण्यासारखं होतं. ते देवस्थानमुळे गेले असं मी म्हणणार नाही. रक्तदाब होता, गोळ्या चुकवायचे. वहिनींना मी फ्लेक्सचं विचारलं. "इचारलं बी न्हाई बाई. पुतण्याच्या लग्नातला फोटू कुणाच्या तरी मोबाइलमदून उचलला. मी पाह्यलं आन... हे हे न्हवंत असं वाटलं." आम्ही दोघी उठलो आणि देवस्थानच्या कार्यालयात गेलो. अध्यक्षांनी खुर्च्या मागवल्या. आम्ही बसलो नाही.

"बाई, एवढा मोठा फ्लेक्स आम्ही आजवर कुणाचा लावला नाही," ते म्हणाले. "सन्मान केलाय आपण मास्तरांचा." मी म्हटलं, "जिवंत होते तेव्हा खिसेकापूंच्या ओळीत बसवलंत, आणि मेल्यावर गंध फासून स्वतःच्या ओळीत घेतलंत. याला सन्मान म्हणतात तुमच्याकडं?" ते खरोखर गोंधळले. "गंधाचं काय एवढं? डिझाइनवाल्यानं सगळ्यांनाच लावलं, देवस्थानचं काम म्हटलं की तो लावतोच." मला वाटतं ते खोटं बोलत नव्हते. सगळ्या विश्वस्तांच्या कपाळी होतं, त्याच ओघात मास्तरांच्याही कपाळी लागलं. कुणाच्या मनातच आलं नाही की हे कपाळ वेगळं आहे! जाणूनबुजून केलं असतं तर मला कमी राग आला असता. मी तोंड उघडणार तोच वहिनी बोलल्या. इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. "सायेब, यांच्या आज्ज्याला तुमी पायरीवर अडवलं. यांना आत बोलू दिलं न्हाई. मंग मेलेल्या माणसाला कशाला आत वडता? ऱ्हाऊ द्या की त्यायला बाहीर." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, जुनं कशाला काढायचं आता? दोन दिवसांनी फ्लेक्स उतरणारच आहे." वहिनी म्हणाल्या, "दोन दिस कशाला? आमी उतरवतो."

आणि उतरवला. वहिनींनी घरून विळा आणला, खालच्या दोऱ्या मी कापल्या. वरच्यांना हात पुरेना. फाट्यावरची माणसं बघत उभी होती, पुढं कुणी येईना. तेवढ्यात सुधाकर आला, सोवळं सोडून नुसत्या बंडीवर, टपरीतला स्टूल घेऊन. त्यानं वर चढून दोऱ्या कापल्या आणि सगळे विश्वस्त एका झटक्यात खाली आले. वहिनी गुडघ्यावर बसल्या, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि फोटोतलं कपाळ पुसायला लागल्या. पुसत राहिल्या... शाई पक्की होती, निघाली नाही. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला, सरपणावर टाकायला हुईल." मास्तरांचा तेवढा तुकडा त्यांनी कापून वेगळा काढला. बाकीचा फ्लेक्स आजही त्यांच्या परसात सरपणावर आहे, विश्वस्तांची तोंडं लाकडांकडे करून.

निघताना वहिनींनी माझ्या हातात पंच ठेवला. "तुमी दोगं एका गाडीतले. तुमाला वाजवता यील." मी घरी आणून कपाटात ठेवला. माझ्याकडून चुकून दाबला गेला की हवेतच एखादं तिकीट कापल्यासारखा आवाज येतो.

ओळखीचे लोक अजून फोन करून विचारतात. बाई, आम्ही येतोय दर्शनाला, तिथली अधिकृत टूर घ्यावी का बाहेरचा कुणी माणूस बघावा? मी आता बाहेरचा माणूस सांगू तरी कुणाचा? म्हणून परवा मी स्वतःच खिडकीवर गेले आणि रीतसर तिकीट काढलं. गुरवाच्या लेकीनं तिकीट काढलेलं बघून खिडकीतला माणूस हसला. कानात यंत्र घातलं. आमच्या तुकडीत नांदूरघाटच्या बायका होत्या, दहा-बारा, हातात नारळाच्या पिशव्या. जाकिटातली पोरगी चांगली होती, गोड बोलत होती, मास्तर म्हणाले होते तसंच. पायऱ्या सुरू झाल्या. रबरी पट्टीवरून एक, दोन, तीन. चौथीवर मी पिशवीतून पंच काढला आणि नव्या स्टीलच्या कठड्यावर हाणला. ठण्ण.

सगळी रांग थांबली. पुढच्याही आणि मागच्याही. माझ्या मागची म्हातारी कानातलं यंत्र उपसून म्हणाली, "का वो, काय झालं? कावून थांबलं?"

"याच्या खाली एक पायरी हाय, आजी," मी म्हटलं, आणि सांगायला सुरुवात केली. जाकिटातली पोरगी घाबरून वर अध्यक्षांच्या खिडकीकडे बघत होती, रखवालदार शिट्टी वाजवत खाली येत होता. माझं सांगून झालं तशी ती म्हातारी खाली बसली. पिशवीतला नारळ तिनं काढला आणि वर न नेता तिथंच, ग्रॅनाइटवर आपटला. पाणी दगडावरून वाहत खाली आलं. ग्रॅनाइटला एक बारीकसा पांढरा टवका पडला होता. तिच्या शेजारणीनंही पिशवीत हात घातला.

डबल घंटी मी दिली नाही.